स्वस्तातला मासा, आठवड्याचं काम: रीफ टँकमधला भांडखोर मासा कसा काढायचा आणि त्याचे पैसे कसे सांगायचे



सेवा व्यवसायांच्या मालिकेत या वेळी अ‍ॅक्वेरियम मेंटेनन्स घेतला आहे आणि त्यातलं एकच काम उचललं आहे: रीफ टँकमधून, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ असलेल्या टँकमधून, एखादा भांडखोर मासा बाहेर काढणं. व्हिडिओत ट्रॅप लावून दाखवला आहे. पण मापं, वेळा, ग्राहकाशी काय बोलायचं, कोटेशनमध्ये कोणत्या ओळी हव्यात, हे सगळं व्हिडिओत बसत नाही. ते इथे सविस्तर देतोय. ज्यांना माशांच्या धंद्यात उतरायचं नाही त्यांनी निदान कोटेशनचा भाग वाचाच. दिसायला दहा मिनिटांचं आणि प्रत्यक्षात आठवडा खाणारं काम प्लंबरकडेही असतं आणि वॉटरप्रूफिंगवाल्याकडेही.

फोन कसा येतो बघा. "अहो दादा, आमच्या टँकमध्ये एक काळा मासा बाकीच्यांना मारतोय. येऊन काढून देता का? जाळी आहे आमच्याकडे, दहा मिनिटांचं काम आहे."

इथे "पाचशे द्या, संध्याकाळी येतो" असं बोललात की अडकलात. तो मासा त्या संध्याकाळी मिळणार नाही. मग दुसऱ्यांदा जाल, तिसऱ्यांदा जाल, गाडीभाडं खिशातून जाईल, आणि ग्राहकाच्या मनात एवढंच राहील की याला एक मासा धरता येत नाही. म्हणून फोनवर फक्त इतकंच सांगायचं: "आधी येऊन बघतो, पाहणीची फी अमुक आहे. मासा कोणता आणि टँक कसा ते बघून काढायची पद्धत आणि खर्च सांगतो."

जाळीने का होत नाही

गोल्डफिश किंवा गप्पी काढायचा तर जाळी बुडवली की झालं. रीफ टँकचा मामला वेगळा. मधोमध लाइव्ह रॉकचा ढीग असतो. हे सच्छिद्र दगड, त्यांच्यावर आणि आत जिवाणूंची वस्ती, आणि तीच पाणी स्वच्छ ठेवणारी मुख्य यंत्रणा. त्यात भोकं, बोगदे, कपारी. वर मऊ प्रवाळ, झोअँथिड, अ‍ॅनिमोन बसवलेले. हा ढीग टँकचा फिल्टर आहे आणि माशाचा किल्लासुद्धा. जाळी किल्ल्याच्या आत जात नाही. बाहेर फिरवली की मासा दोन सेकंदांत आत. तुम्ही पाठलाग करत राहिलात तर दगड ढासळतात, प्रवाळ तुटतात, वाळूतला गाळ वर येतो. आणि ज्या माशांना वाचवायला आलात तेच घाबरून काचेवर आदळतात किंवा उडी मारून जमिनीवर पडतात. ताण आलेल्या माशांवर नंतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे मरीन इच, चढण्याची शक्यता वाढते. एकदा जाळी पाहिलेला मासा पुढे कित्येक दिवस हात दिसला तरी लपतो. त्यामुळे पहिल्या भेटीत "एकदा मारून बघू" हा मोह टाळा. ग्राहक शेजारी उभा राहून आग्रह करेल, तरीही टाळा.

आता उदाहरण एक ठरवू म्हणजे आकडे बोलता येतील. टँक ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. मासा डोमिनो डॅमसेल. काळाकुट्ट, कपाळावर एक आणि दोन्ही अंगांवर एकेक पांढरा ठिपका. दुकानात बोटाच्या पेराएवढा मिळतो, गोंडस दिसतो, स्वस्त असतो, आणि चिवट इतका की नवीन टँकचं कच्चं पाणीही सोसतो. म्हणून "पाणी बसेपर्यंत आधी डॅमसेल सोडा" असा सल्ला दुकानांतून वर्षानुवर्षं दिला जातो. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. हा मासा दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो, मोठा होताना ठिपके फिकट होतात, आणि सगळ्यांत आधी राहायला आल्यामुळे सगळी जागा आपलीच असं धरून चालतो. त्यानंतर सोडलेला प्रत्येक महागडा मासा त्याच्या लेखी घुसखोर.

हा मासा दुष्ट नसतो, हे ग्राहकालाही समजावून सांगा. समुद्रातसुद्धा तो लहानपणी अ‍ॅनिमोनच्या आसऱ्याला ठरावीक जागा धरून राहतो. जागा धरणं हा त्याचा स्वभाव. आणि आपल्याला तो पकडता येतो तोही याच स्वभावामुळे, कारण तो रोज त्याच दगडापाशी, त्याच वाटेने येतो-जातो.

आधी आरोपी नक्की करा

ग्राहक "काळा मासा" म्हणाला म्हणून तोच गुन्हेगार असं धरू नका. गेल्यावर पहिल्यांदा पाणी तपासा, निदान अमोनिया, नायट्राइट आणि खारेपणा. कोपऱ्यात वर जाऊन धापा टाकणारा मासा मार खाल्लेला असेल किंवा पाणी बिघडलेलं असेल. पाणीच बिघडलं असेल तर मासा काढून काही होणार नाही, आणि तुमचं नाव मात्र जाईल.

पाणी ठीक असेल तर टँकपासून सहा-सात फूट लांब खुर्ची टाकून अर्धा तास गप्प बसा. काचेला नाक लावून उभं राहिलं की मासे वेगळं वागतात. कुणाचे पंख फाटलेत, कोण खायला पुढे येत नाही, कोण कुणाला कोणत्या दगडापासून हाकलतो, हे वहीत लिहा. एक सोपी युक्ती: ग्राहकाला सांगा, मोबाइल स्टँडवर लावून तासभर रेकॉर्डिंग करा आणि खोलीतून निघून जा. कुणी नसताना जे दिसतं ते पुष्कळदा वेगळं असतं. डोमिनोला शिव्या पडतात आणि नंतर दिसतं की खरी छळवणूक एखादा सिक्स लाइन रॅस करतोय, जो चारचौघांत दगडामागे साळसूद बसलेला असतो.

ज्याला मार पडतोय त्याची सोय त्याच दिवशी करा. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टँकच्या काठाला अडकवून त्यात त्याला ठेवला की निदान जीव वाचतो. तो मासा बहुधा दमलेला असतो, पृष्ठभागाजवळ असतो, त्यामुळे त्याला धरणं सोपं जातं. ग्राहकाला पहिल्याच भेटीत काहीतरी झालेलं दिसतं, याचाही उपयोग होतो.

आणि एक प्रामाणिक शक्यता मनात ठेवा. टँकमध्ये सगळेच चिवट मासे असतील आणि भांडण फक्त नवीन मासा सोडल्यावरच होत असेल, तर "मासा काढू नका, नवीन मासे आणणं थांबवा" असं सांगा आणि पाहणीची फी घेऊन निघा. एक काम गेलं असं वाटेल. पण असंच सांगणाऱ्या माणसाला लोक पुढे वर्षाचं मेंटेनन्स देतात.

ट्रॅप: सगळा भर इथे

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा डबा, साधारण ३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच. एका टोकाला खाचेत वर-खाली सरकणारं दार. दाराला तंगूस बांधून ती टँकच्या काठावरून बाहेर आणायची. तंगूस ताणून ठेवली की दार उघडं, सोडली की दार आपल्या वजनाने खाली. बाजूंना पाणी खेळण्यासाठी भोकं. असा ट्रॅप विकत मिळतो, किंवा अ‍ॅक्रिलिक कापून देणाऱ्या साइनबोर्डवाल्याकडून करून घेता येतो. सुरुवातीला एकच पुरतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

बाटलीचा ट्रॅपही होतो: प्लास्टिकच्या बाटलीचं तोंडाकडचं टोक कापून उलटं आत बसवायचं. पण हिशेब करा. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं. वाढलेला डोमिनो अंगाने उंच आणि गोलसर असतो, तो त्यातून आत शिरणारच नाही. पेराएवढ्या डॅमसेलसाठी ठीक, मोठ्यासाठी रुंद तोंडाचा पाच लिटरचा कॅन घ्या. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर मासा सोलवटतो. साबण कुठेही लावायचा नाही, फक्त पाण्याने धुवायचं.

आता लावण्याची पद्धत. ट्रॅप त्या माशाच्या दगडाजवळ, त्याच्या रोजच्या वाटेवर, वाळूवर सपाट ठेवा. वजनाला आत एक छोटा दगड ठेवा, धातूची वस्तू नको. वेव्हमेकरचा प्रवाह ट्रॅपमधून माशाच्या दिशेने जाईल असं बघा, म्हणजे खाण्याचा वास त्याच्यापर्यंत पोचतो. दार उघडं ठेवून तंगूस घट्ट बांधा. मग घरी जा. खरंच घरी जा. पहिल्या दिवशी काहीही पकडायचं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस ग्राहकाने रोजचं खाणं ट्रॅपच्या तोंडाशी आणि आत टाकायचं. फ्रोझन मायसिस किंवा कोळंबीचा बारीक तुकडा चालतो. ड्रॉपर किंवा लांब नळीने टाकायचं, हात पाण्यात घालायचा नाही. बाकीचे मासे आत जाऊन खातील, खाऊ द्या. त्यांना आत-बाहेर करताना बघून आपला मासाही धीट होतो. दादागिरी करणाऱ्या माशाची एक गंमत असते: दुसरे आपल्या हद्दीत खाताना त्याला बघवत नाही. त्यांना हाकलायला म्हणून तो आत घुसतो. ट्रॅपमागे काचेबाहेर छोटा आरसा ठेवला तरी कधीकधी हाच परिणाम होतो, आपलंच प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटतं. मी आरसा नेतो, पण भरवसा खाण्यावर ठेवतो.

मासा बिनधास्त आत जाऊन खाऊ लागला की एक दिवस टँकमध्ये खाणं बंद. निरोगी माशांना एका दिवसाच्या उपासाने काही होत नाही. दुसऱ्या दिवशी आमिष फक्त ट्रॅपच्या आतल्या टोकाला. वेव्हमेकर दहा मिनिटं बंद, तंगुसाचं टोक हातात, तुम्ही दोन मीटर लांब बसलेले. शेपटीसकट पूर्ण मासा दाराच्या आत गेल्याशिवाय सोडायचं नाही. अर्धा आत असताना दार पडलं तर मासा जखमी होईल किंवा निसटेल, आणि निसटलेला मासा त्या डब्याकडे आठवडाभर ढुंकून बघत नाही. त्याच्याबरोबर आणखी एक-दोन मासे आत आले तरी चालेल, त्यांना नंतर सोडता येतं. फक्त दुसरेच आत असतील तर हात आवरा.

दार पडल्यावर घाई नको. अंगठ्याने दार दाबून धरा, डबा सावकाश उचला, भोकांतून पाणी गळू द्या आणि अख्खा डबा आधीच टँकचं पाणी भरून ठेवलेल्या बादलीत उतरवा. बादलीला झाकण हवं, एअर पंप हवा. दार बंद असलेला ट्रॅप कुणी नसताना टँकमध्ये ठेवायचा नाही, एखादा मासा रात्रभर आत अडकून गुदमरू शकतो.

हे कधी दोन दिवसांत होतं, कधी दोन आठवडे लागतात. ग्राहकाला कमी दिवस सांगू नका.

ट्रॅपला दाद दिली नाही तर

रात्रीचा मार्ग बघा. पुष्कळ मासे झोपायला रोज त्याच कपारीत जातात. क्लाउनफिश तर हमखास, त्यामुळे मरून क्लाउनची आडदांड मादी रात्री तिच्या जागेवरून उचलणं बऱ्याचदा सोपं जातं. दिवे बंद झाल्यावर तासाभराने मंद लाल टॉर्चने जागा हेरायची. मग एका बाजूला जाळी धरून दुसऱ्या बाजूने सावकाश सारायचं. डॅमसेल दगडातच घुसून बसला असेल आणि तो दगड सुटा असेल, तर दगडच उचलून बादलीवर धरायचा. पाणी निथळताना मासा बहुधा खाली पडतो. मात्र वरचे दगड ढासळणार नाहीत याची खात्री आधी करा.

गळाने पकडणारेही आहेत. मिळेल तितका बारीक गळ, टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, त्यावर कोळंबीचा कण. सराईत हातात हे पाच मिनिटांचं काम असतं. पण नवशिक्याने ग्राहकाच्या टँकमध्ये हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीचा मासा लागला किंवा गळ गिळला गेला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

शेवटचा उपाय पाणी उतरवणं. आपल्या टँकचा तळ १२० गुणिले ६० सेंटिमीटर, म्हणजे दर १० सेंटिमीटर पाण्याला ७२ लिटर. पाणी ५५ वरून १५ सेंटिमीटरवर आणायचं तर ४० सेंटिमीटर, म्हणजे २८८ लिटर. दगडांची जागा वजा केली तरी अडीचशेच्या आसपास. एवढं पाणी ठेवायला ५० लिटरचे पाच-सहा स्वच्छ ड्रम लागतील, ते फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार ते आधी बघा, आणि लागतील दोन माणसं. यातलं १०० लिटर सांडलं तर पुन्हा खारं करायला सुमारे साडेतीन किलो सागरी मीठ लागतं, कारण लिटरला जवळपास ३५ ग्रॅम पडतं. मऊ प्रवाळ काही मिनिटं उघडे राहिले तरी सोसतात, तोवर टँकचंच पाणी त्यांच्यावर शिंपडत राहा. या कामाचं कोटेशन वेगळं, दिवस वेगळा, मजुरी वेगळी. ट्रॅपच्या पैशांत हे करून द्यायचं नाही.

हात, वीज, काटे

पाणी उतरवण्याआधी हीटर बंद करून गार होऊ द्या. तापलेली काच उघडी पडून पुन्हा पाण्यात गेली की तडकते. हात पाण्यात असताना पंप आणि दिव्यांचा प्लग काढलेला असावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं. हाताला साबण, सॅनिटायझर, क्रीम नको.

झोअँथिड आणि त्यांच्या जातभाईंपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. असे दगड हलवायचे तर हातमोजे आणि चष्मा हवाच. ते खरवडायचे नाहीत, दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही. वाफेतूनही विषबाधा होते. तुमच्याबरोबर मदतीला पोरगा असेल तर त्याला हे कामाआधी सांगणं तुमची जबाबदारी आहे.

डॅमसेलचा काटा फार त्रास देत नाही, पण उद्या दुसरा मासा असेल. टँग जातीच्या माशाच्या शेपटीजवळ ब्लेडसारखा काटा असतो. फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी. ट्रिगरफिश कपारीत शिरून पाठीचा काटा उभा करतो आणि स्वतःला आत अडकवून घेतो, तिथे ओढाताण केली तर मासाच फाटतो. अशा काटेरी माशांना जाळीपेक्षा पारदर्शक डब्यात घ्यावं, जाळीत काटे गुंततात.

काढलेल्या माशाचं काय

हा प्रश्न ट्रॅप लावण्याआधी सोडवा. मासा ग्राहकाच्या मालकीचा आहे. तो दुकानात परत द्यायचा, दुसऱ्या कुणाच्या भक्कम माशांच्या टँकमध्ये द्यायचा, की संपमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. मोठा डोमिनो त्याला नको असतो हे लक्षात घ्या, बऱ्याचदा फुकटच द्यावा लागतो.

खाडीत किंवा समुद्रात सोडायचा नाही. "इथलाच तर मासा आहे" असं लोक म्हणतात. पण टँकमध्ये राहिलेला मासा तिथले रोग बरोबर घेऊन जातो. आणि परका मासा असेल तर काय होतं हे अमेरिकेत दिसलं आहे. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिल्यांदा लायनफिश आढळला. हा मूळचा हिंदी-प्रशांत महासागराचा, आणि तो तिथे हौशी लोकांच्या टँकमधून पोचला असं मानलं जातं. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरलाय आणि तिथले छोटे मासे फस्त करतोय.

कायद्याचीही एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मासा काढून झाला की ग्राहक हमखास म्हणतो, "आता जागा झाली, छानसे कोरल आणि सी हॉर्स आणून द्या." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण, म्हणजे रीफ बांधणारे प्रवाळ, काळं प्रवाळ, सी फॅन आणि समुद्रघोडे २००१ मध्ये घालण्यात आले. समुद्रातून काढलेले हे जीव आणून विकणं गुन्हा आहे. "सगळे आणतात" हे उत्तर वनखात्याच्या माणसासमोर चालत नाही. अशी मागणी आली तर स्पष्ट नाही म्हणा.

आता पैसे

आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या शहरानुसार बदला. समजा तुमच्या तासाचा दर ३०० रुपये. ग्राहकाकडे जायला-यायला मिळून दोन तास आणि तिथे दीड तास, म्हणजे एका भेटीला साडेतीन तास. ट्रॅपच्या पद्धतीला तीन भेटी धरा: पाहणी, ट्रॅप लावणं, पकडणं. साडेदहा तासांचे ३,१५० रुपये. प्रवास प्रत्येकी २०० प्रमाणे ६००. टेस्ट किट, आमिष, हातमोजे, ट्रॅपची झीज मिळून १५०. एकूण ३,९००, म्हणजे भेटीला १,३००. यात नफा अजून धरलेलाच नाही, ही फक्त तुमची मजुरी आणि खर्च. फोनवर सांगितलेल्या पाचशेच्या शेजारी हा आकडा लिहून बघा.

ग्राहक म्हणणार, "मासा दीडशेचा, आणि काढायला चार हजार?" चिडू नका, त्यांच्या बाजूने प्रश्न रास्त आहे. एवढंच विचारा, "आणि तो ज्यांना मारतोय ते मासे कितीचे आहेत, सर?" मग गप्प बसा. हिशेब त्यांनाच करू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मजकूर साधारण असा ठेवा:

"नमस्कार मॅडम. आज टँक पाहिला. पाणी ठीक आहे, त्रास डोमिनो डॅमसेलचा आहे. पाहणी फी १,३०० मिळाली, धन्यवाद. ट्रॅप लावून मासा काढण्याचे २,६००, निम्मे ट्रॅप लावताना, निम्मे मासा बाहेर आल्यावर. मुदत १४ दिवस. या काळात खाणं मी सांगेन तसंच द्यावं. दार तुम्ही सोडलं किंवा मी सोडलं तरी रक्कम तीच. १४ दिवसांत मासा मिळाला नाही तर दुसरा हप्ता घेणार नाही, पाणी उतरवण्याचं कोटेशन वेगळं देईन. मासा काढल्यावर कुठे द्यायचा ते कळवा. आधीच जखमी असलेल्या माशांची हमी देता येणार नाही, त्यांचे आजचे फोटो सोबत जोडले आहेत."

यातली प्रत्येक ओळ एकेका भांडणातून आली आहे. "खाणं सांगेन तसंच" हे तर ठळक करा. घरी चार माणसं असतात, आजोबा प्रेमाने मुठभर खाणं वरून टाकतात आणि भरल्या पोटाचा मासा ट्रॅपकडे बघतही नाही. जो रोज खाणं घालतो, मग तो घरातला कामाचा माणूस का असेना, त्यालाच समोर बसवून शिकवा. "रक्कम तीच" याचंही कारण आहे. तयारी नीट झाली असेल तर शेवटी तंगूस ग्राहकाच्या लेकीनेच सोडलेली असते आणि मग घरात चर्चा होते की मासा तर आपणच पकडला.

ज्यांच्याकडे तुमचं वार्षिक मेंटेनन्स आहे त्यांना एवढा दर लावू नका. तिथे दर आठवड्याला जाताच. ट्रॅप नेहमीच्या भेटीत लागतो, जादा भेट एखादीच होते, तेवढीच लावा. वार्षिक कराराचा फायदा ग्राहकाला दिसायला हवा असेल तर तो अशा वेळी दाखवायचा.

मासा गेल्यावर लगेच नवीन मासे सोडायची घाई ग्राहकाला करू देऊ नका. दोन आठवडे बघा. जखमी मासे खायला लागलेत का, फाटलेले पंख भरतायत का, आणि मुख्य म्हणजे दुसरा कुणी दादा तयार होतोय का. टँकमध्ये दोन-तीन डॅमसेल असतील तर पहिला गेल्यावर दुसरा त्याची जागा घेतो, क्लाउनच्या जोडीतली मादी काढली तर उरलेला नरच पुढे मादी होतो. ही शक्यता काम घेतानाच सांगून ठेवा. नंतर सांगितली की ती सबब वाटते.

आणि निघताना ट्रॅप, जाळी, बादली गोड्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. ओला ट्रॅप डिकीत टाकून सरळ पुढच्या ग्राहकाकडे नेलात तर एका घरचा इच दुसऱ्या घरी पोचवाल. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम असेल तर दुसरा संच ठेवा.